धुतलेले डबे

रश्मी: तहसीनभाई तीनला येणार ना? मग कढई आतापासूनच कशाला बाहेर काढली?

खुशाल: थंड व्हावी लागते. गरम कढई कोणी टेम्पोत टाकत नाई.

रश्मी: परवापासून पेटवलीच कुठे बाबा? थंडच आहे ती.

खुशाल: मंग असू दे बाहेर. त्याईले उचलाले बरी.

रश्मी: मशीन पण देणार?

खुशाल: मशीन, कढई, झारे, वजनकाटा. सगळंच. शेव बंद म्हणल्यावर मशीन ठेवून काय करू? पूजा करू?

रश्मी: आशाबाई आणि इंदुताईंना सांगितलं?

खुशाल: काल सांगितलं, आता कामाले येऊ नका म्हणून. आशाबाई म्हणे, भाऊ, बाईनं बारा वर्षं चालवलं, तुम्ही पाच महिन्यात गुंडाळलं. मी म्हटलं, हो बाई, तसंच झालं.

रश्मी: एकदा हा कागद पाहा. शेवटचा.

खुशाल: तुया कंप्युटरचा कागद मी दहादा पाह्यला.

रश्मी: हा नवीन आहे. आईच्या वेळच्या एसटीच्या लगेजच्या सगळ्या पावत्या पुन्हा टाकल्या. दोन वर्षांच्या. कोणत्या सोमवारी कोणत्या गावाला किती डबे गेले, सगळं. एटापल्लीकडची नऊ दुकानं, जिवतीकडची चार. जूनमध्ये आई गेली तेव्हा तेराच्या तेरा दुकानं घेत होती. आता पाच उरली. आणि त्या पाचातल्या तिघांनी मागच्या खेपेला डबे भरलेलेच परत पाठवले. शेव खवट.

खुशाल: हे सांगाले कंप्युटर कायले पाहिजे? डब्याचा वास घेतला का समजते.

रश्मी: चूक माझी आहे बाबा. मला ते बोलायचं आहे.

खुशाल: कायची चूक?

रश्मी: जुलैमध्ये तुम्ही मला विचारलं, सोमवारी कोणाले किती डबे पाठवायचे. आशाबाईंना माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मी काढून देते. नुकताच कोर्स झाला होता ना, सगळं येतं असं वाटत होतं. प्रत्येक दुकानाची सरासरी काढली. याला दोन, त्याला तीन, दर सोमवारी तेवढेच. छान रंग भरून दिला होता तक्ता. तेव्हापासूनच बिघडलं. तुम्ही म्हणत नाही, पण मला दिसतं.

खुशाल: तुया तक्त्यानं काई नाई बिघडलं.

रश्मी: मग कशाने?

खुशाल: लोक शेव घेतच नव्हते पोरी. तुया आईले घेत होते. पह्यल्या वर्षी तिनं गावोगाव फिरून दुकानं धरली. मी शिफ्टवर, तू शाळेत, अन् ही एटापल्लीच्या गाडीत, मांडीवर डबा घेऊन. कोणाच्या पोरीचं लग्न आहे, कोणाचा नवरा पेते, सगळं ठाऊक होतं तिले. ती गेली. आता डबा येते तर कोणाचा येते? खुशालचा. खुशालले कोण ओळखते तिकडं?

रश्मी: चाळीस लोकांनी दुखवट्याची कार्डं टाकली. त्यातलं एकही त्या तेरा दुकानांतलं नव्हतं, हेच लागलंय तुम्हाला.

खुशाल: लागाचं काय त्यात. पाह्यलं मात्र मी. पंधरा दिवस पोस्टमनची वाट पाह्यली.

रश्मी: पण आई ठरवायची कसं? दर आठवड्याला आकडा वेगळा आहे. हे बघा, एक दुकान, एटापल्लीच्या पुढचं. एक, सहा, शून्य, दोन, सात. माझ्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, याला काही नियमच नाही, तुमच्या आई अंदाजाने पाठवत असतील. पण अंदाजाने पाठवलं असतं तर परत आलं असतं. दोन वर्षांत तिचे चारसुद्धा डबे परत आले नाहीत.

खुशाल: तीस वर्षं मी प्लांटात काटे पाह्यले. काटा पाहून कोळसा वाढवाचा, काटा पाहून कमी कराचा. डोळे मिटून कोणी बॉयलर चालवत नाई. तिचा काटा कुठी होता ते मले बी नाई समजलं. एकदा विचारलं होतं. शनिवारी रिकामे डबे स्टँडवरून आले का ही मागच्या खोलीत दार लावून बसे. कोणाले हात लावू देत नसे. मी म्हटलं, काय करतं आत? म्हणे, टपाल पाहून राह्यली. हसली. मले वाटलं, चेष्टा आहे.

रश्मी: आशाबाई म्हणतात, तिला स्वच्छतेचं वेड होतं. म्हणून डबे स्वतः साफ करायची.

खुशाल: होतंच. म्हणूनच तर मी बी तेच करतो. ती गेली तवापासून एक डबा न धुता घरात नाई घेतला. स्टँडवरून सायकलवर आणतो, झाकण काढतो, नळाखाली उपडा करतो, खळखळून धुतो, मंग आत. तेवढं तरी तिच्यासारखं व्हावं म्हटलं.

(फाटक वाजते. एक बाई डोक्यावरचा पत्र्याचा डबा उतरवत आत येते.)

ठमाबाई: मीराबाईचं घर हेच का? शेववालीचं?

खुशाल: हेच. मीराबाई तर नाई आता. मी तिचा नवरा. तुम्ही?

ठमाबाई: ती नाई ते माहीत आहे भाऊ. मी ठमाबाई. एटापल्लीच्या पुढं आमचं गाव. बाजाराच्या जागेवर चहाचं दुकान आहे माझं. बारा वर्षं तुमची शेव विकतो. पहाटे पाचची गाडी धरून आली.

खुशाल: बसा. रश्मी, पाणी आण.

ठमाबाई: पाणी मंग पेतो. आधी सांगा, आमचं काय चुकलं?

खुशाल: तुमचं?

ठमाबाई: चुकल्याशिवाय माणूस असं करत नाई. मागितलं तवा देत नाई, नको म्हणलं तवा पाठवते. काल कंडक्टर म्हणे, शेववालीचा नवरा दुकान मोडून राह्यला, सामान विकाले काढलं. म्हटलं, मोडाचं तर मोडा बापा, पण तोंडावर सांगा. म्हणून आली.

खुशाल: बाई, उलटं आहे. तुम्हीच शेव परत केली. पोळ्याच्या वेळेस तुमचे दोन डबे आले, भरल्याचे भरले. वास मारत होते.

ठमाबाई: तर काय करू? पोळ्याच्या आधी तीन हप्ते पाणी. नाल्यावर पूर. बाजारच भरला नाई. माणूस नाई त चहा नाई, चहा नाई त शेव नाई. मी तुम्हाले कोळसा धाडला होता. तरी तुम्ही दोन डबे धाडले.

खुशाल: काय धाडलं?

ठमाबाई: कोळसा.

रश्मी: कोळसा कशासाठी मावशी?

ठमाबाई: पाठवू नको म्हणून. तुया मायनंच तर ठरवलं. अन् दिवाळीच्या बाजाराले मी सात गोटे टाकले. मोजून सात. किती डबे आले? दोन. दुपारपर्यंत खलास. मंग लोकं पाकीटवाल्याकडं गेले. मी बी त्याच्याकडून पाकिटाच्या चार माळा आणून टांगल्या. काय करू, गिऱ्हाईक दारात उभं.

रश्मी: थांबा मावशी. दिवाळीचा सोमवार... हो, दोनच पाठवले. सरासरी दोन येत होती. तुम्ही सात गोटे टाकले म्हणजे कुठे टाकले?

ठमाबाई: डब्यात. आणखी कुठी टाकू?

खुशाल: रिकाम्या डब्यात?

ठमाबाई: रिकाम्याच डब्यात टाकावं लागते भाऊ, भरल्यात कसे टाकू? मले लिवता येत नाई. आमच्याकडच्या नऊ दुकानात दोघाले लिवता येते, अन् त्याईची चिठ्ठी कंडक्टरच्या खिशातच राह्यते. पह्यल्या वर्षी तोंडी निरोप धाडत होतो. मी सांगितलं चार, इथी पोचेपर्यंत झाले चौदा. मीराबाई आली अन् म्हणे, ठमाबाई, कागद नको, निरोप नको. जितके डबे पाहिजे तितके गोटे टाका, झाकण लावा, धाडा. बाजार भरणार नसन त कोळसा. शेव फिकी झाली असन त मिरची. झालं. बारा वर्षांत एकदा नाई चुकली. गावाचं अन् दुकानाचं नाव डब्यावर खिळ्यानं ठोकलंच आहे.

रश्मी: म्हणून कोणाला हात लावू देत नव्हती. एका डब्यातला गोटा दुसऱ्यात गेला तर गावंच बदलतील.

खुशाल: टपाल.

रश्मी: बाबा.

खुशाल: टपाल पाहून राह्यली, म्हणे. मी हसलो.

रश्मी: बाबा, नळाजवळ ते गोटे...

खुशाल: हो.

रश्मी: एवढे गोटे कुठून येतात याचा विचार नाही केला?

खुशाल: केला. रस्ता खराब आहे म्हटलं. डबे टपावर राह्यते, उडत असन.

रश्मी: झाकण बंद असताना?

खुशाल: आता तू बोलते तर समजते. तवा नाई समजलं. चिखल होते म्हणून नळाभोवती पसरून देल्ले मी. बरं झालं म्हटलं, फुकटात गिट्टी आली.

ठमाबाई: तुम्ही गोटे फेकले?

खुशाल: फेकले नाई बाई. पसरले. डबा धुतल्याशिवाय घरात घेत नव्हतो मी. पाच महिने. प्रत्येक डबा.

ठमाबाई: अरे देवा. अन् आम्ही इकडं म्हणतो, माणूस गुर्मीचा आहे. आमच्या शेजारचा बापूजी, त्याचं किराणा आहे, तो त म्हणे, हा प्लांटातला नोकरीवाला, याले आपल्या गोट्याची काय किंमत. त्यानं रागानं एकदा अकरा गोटे टाकले. पाहू म्हणे, जागा होते का.

रश्मी: मग?

ठमाबाई: मंग काय. तीन डबे आले. मंग त्यानं बंदच केलं.

रश्मी: बापूजी किराणा. तीन. हो, सरासरी तीन होती. म्हणजे दर शनिवारी तुम्ही उत्तर देत होता आणि आम्ही...

खुशाल: अन् मी धूत होतो.

ठमाबाई: असं तोंड नका पाडू भाऊ. चुकी काय एकट्याची असते? म्या बी चार महिने आधी यायले पाहिजे होतं. फोन कराचा त एटापल्लीले जावं लागते, गेलं त लाइन बंद. अन् खरं सांगू? घरात माणूस गेलं, कोणत्या तोंडानं भांडाले जाऊ, असं बी वाटलं.

खुशाल: ती गेली हे तुम्हाले केव्हा समजलं?

ठमाबाई: चौथ्याच दिवशी. कंडक्टरनं सांगितलं. प्रत्येक थांब्यावर उतरून सांगितलं त्यानं, बिचाऱ्यानं. त्या हप्त्यात आम्ही गोटे नाई टाकले.

रश्मी: मग काय टाकलं?

ठमाबाई: मोहफूल. वाळलेलं. लिवता येत असतं त कागद धाडला असता. काय धाडाचं यावर बापूजी अन् मी लय बोललो. तो म्हणे, तिले मोहफुलाचा वास आवडे, इकडं आली का पोरीसाठी घेऊन जाये. मंग आम्ही दोघांनी टाकलं, पुढच्या गावाले कंडक्टरच्या हाती सांगून धाडलं. नऊच्या नऊ डब्यात होतं. मी माझ्या हातानं मूठभर टाकलं.

रश्मी: बाबा?

खुशाल: तळाले चिकटलं होतं. काळं, मऊ. मले वाटलं, कोणीतरी डब्यात मनुका ठेवल्या असन.

रश्मी: तुम्ही धुतलं ते पण.

खुशाल: नखानं खरडून काढलं. निघत नव्हतं. दोन पाणी धुतलं.

ठमाबाई: निघत नाई ते लवकर. चिकट राह्यते.

खुशाल: नऊच्या नऊ?

ठमाबाई: नऊच्या नऊ. जिवतीकडचं मले माहीत नाई, तिकडच्याईले विचारा.

खुशाल: अन् मी पोस्टमनची वाट पाहून राह्यलो होतो.

रश्मी: बाबा, बसा ना.

खुशाल: बसलोच आहे. पाणी देल्लं का बाईले?

रश्मी: देते. बाबा, तुम्ही ठीक आहात?

खुशाल: ठीक आहे. खरंच ठीक आहे. पाच महिन्यानं आज जरा छाती मोकळी वाटून राह्यली. मले वाटे, ती गेली अन् लोक दुसऱ्या दिवशी विसरले. जिवाले लागलं होतं ते. धंदा बुडाला त्याचं एवढं नव्हतं.

ठमाबाई: विसराले काय झालं? माझ्या दुकानात अजून गिऱ्हाईक विचारते, मीराची शेव आली का. तुमचं नाव कोणाले माहीत नाई, हे खरं आहे.

खुशाल: ते नसू द्या.

रश्मी: मग माझा तक्ता चुकीचा नव्हता.

खुशाल: तक्ता बरोबर होता. त्याले काटाच नव्हता जोडला. काटा मी नळावर धुऊन टाकत होतो. त्यात तो बिचारा काय सांगणार.

रश्मी: सर म्हणाले होते, नियम नाही. नियम होता. मावशी, मला सगळं सांगा. मी आता लिहून घेते. गोटा म्हणजे एक डबा. कोळसा म्हणजे बंद. मिरची म्हणजे तिखट वाढव. आणखी काही?

ठमाबाई: आणखी एक आहे. तेंदूचं पान.

रश्मी: ते काय?

ठमाबाई: बिडीच्या पानतोडीचे दिवस आले का पान टाकाचं. म्हणजे पंधरा दिवस लोकाच्या हाती पैसा राहीन, गोटे कमी दिसले तरी एक डबा जास्त धाड. ते मीराबाईनं स्वतः काढलं. एका वर्षी मी तीन गोटे टाकले होते, लाजून. जास्त कसे मागू म्हणून. ती म्हणे, तुम्ही लाजता, पान लाजत नाई.

रश्मी: असं म्हणाली?

ठमाबाई: असंच. हसत होती. तिचं हसणं आठवते का तुले?

रश्मी: आठवतं. पुढे सांगा. लग्नसराईला?

ठमाबाई: त्याले काई नाई. लग्नाचे गोटेच जास्त पडते.

रश्मी: शनिवारी डबे उघडायचे, गावागावाचे गोटे मोजून इथे टाकायचे. या शेजारी मागच्या वर्षीचा आकडा. फार फरक दिसला तर बसच्या कंडक्टरला विचारायचं. म्हणजे समजा सात गोटे आले आणि मागच्या वर्षी त्याच आठवड्यात एकच होता, तर कोणी पोराने खेळताना टाकले का तेही कळेल. बाबा, हे होऊ शकतं. खरंच होऊ शकतं. बेसन आणि तेल किती आणायचं तेही आदल्या दिवशी कळेल, आशाबाईंना अर्ध्यात थांबावं लागणार नाही.

खुशाल: डबे कोण उघडणार?

रश्मी: तुम्ही. दार लावून. कोणाला हात लावू द्यायचा नाही.

खुशाल: अन् धुवाचे?

रश्मी: मोजल्यावर.

ठमाबाई: पह्यले माझा उघडा. मघापासून मांडीजवळ घेऊन बसली.

खुशाल: तुम्ही तर स्वतःच आल्या. तोंडानं सांगा, किती पाहिजे?

ठमाबाई: पाच. उद्या बाजार आहे.

खुशाल: हे काय, डब्यात बी पाच गोटे आहे.

ठमाबाई: सवय आहे भाऊ. घरून निघताना टाकले. अन् तुम्ही भेटले नसते त डबा फाटकात ठेवून गेली असती.

रश्मी: बाबा, पावणेतीन झाले. तहसीनभाई निघाले असतील.

खुशाल: फोन आण इकडं... तहसीनभाई? मी खुशाल. निघाले का? मंग थांबा. टेम्पो नका आणू... नाई, दुसऱ्याले नाई देल्लं... भाव बी वाढवून नाई मागत, ऐका तर. विकाचंच नाई आता... कढई लावाची आहे, म्हणून. लोकांनी शेव मागितली... हो, आजच मागितली. तसं पाह्यलं तर जुलैपासून मागून राह्यले... ते भेटल्यावर सांगतो. लंबी गोष्ट आहे. तुमचा खेटा वाचला, त्याची शेव घेऊन जा रविवारी... बरं. ठेवतो.

रश्मी: रागावले?

खुशाल: नाई. म्हणे, बरं झालं, भाभीची कढई उचलाले हात नसता झाला. असं म्हणे तो. मंग काल काऊन नाई बोलला, काय माहीत.

रश्मी: मी आशाबाईंकडे जाते. इंदुताईंनाही सांगते. बेसन आहे, तेल आणावं लागेल.

खुशाल: तेल मी आणतो. त्याईले सांग, पाच डबे, आजच. अन् त्या आठ दुकानाले काय सांगाचं ते बी ठरवावं लागन. बापूजीले तर मी स्वतः जाऊन भेटीन. अकरा गोटे टाकले माणसानं.

ठमाबाई: त्याले भेटाल त पह्यले शिव्या खाल. मंग चहा पाजन.

खुशाल: खाईन शिव्या. ठमाबाई, चारची गाडी सुटू द्या. सहाच्या गाडीनं जा. डबे सोबतच न्या, ताजे.

ठमाबाई: सहाच्या गाडीनं आलापल्लीलेच मुक्काम पडते.

खुशाल: मंग राहू द्या. अडचण होत असन तर सोमवारी पाठवतो, मोजून पाच.

ठमाबाई: बाजार उद्या आहे भाऊ, सोमवारी नाई. राहीन आलापल्लीले. स्टँडच्या मागंच भाची राह्यते. सकाळच्या पह्यल्या गाडीनं बाजार भराच्या आत पोचतो.

खुशाल: रश्मी, भाचीसाठी अर्धा किलो वेगळी बांध.